फ्लेक्समधून कापलेलं तोंड

लोकशाही शिकवायची नोकरी मी काही वर्षं केली. कुणाला सांगितलं की हसतात. हसू देत, मलाही आता हसूच येतं, फक्त ते घशाच्या पुढं सरकत नाही.

बीडमध्ये बार्शी रोडला एका दुमजली घरात आमची संस्था होती. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. पगार यायचा समुद्रापलीकडच्या एका फाउंडेशनकडून, आणि त्या फाउंडेशनला पैसा पुरवायचं तिथलं सरकार. त्या सरकारला म्हणे जगात सगळीकडे लोकशाही हवी होती. सगळीकडे म्हणजे जिथं एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्ची धरून बसलाय आणि ह्यांचं ऐकत नाही, तिथं. ऐकणारा असला तर त्याच्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं. हे मला उशिरा कळलं. आधी मीपण 'लोकशाही बळकटीकरण' हे शब्द तोंड भरून बोलायची.

अशा देशांत फाउंडेशनला पाऊल टाकायची सोय नव्हती. मग त्यांनी शक्कल लढवली. तिकडची दोन-चार धडपडी माणसं कसल्या तरी निमित्तानं बाहेर काढायची, आमच्यासारख्या देशात आणायची आणि दाखवायचं: बघा, इतके गरीब लोक, पण ग्रामसभा घेतात, बाईला सरपंच करतात, तिला भर सभेत प्रश्न विचारतात. हे बघून ती माणसं परत जाऊन आपापल्या गावात तसंच काहीतरी सुरू करतील. कागदावर फार झकास दिसायचं हे. कागदावर तर आमचा जिल्हासुद्धा झकास दिसतो.

माझं काम दुभाष्याचं. मी ऊसतोड्यांची लेक. आई-बाप कारखान्यावर गेले की मी वसतिगृहात, आणि तिथल्या रेक्टरबाईंनी छड्या मारून मारून इंग्रजी शिकवलेलं. त्या इंग्रजीवर मी पोट भरत होते. संस्थेचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो, माझी ओळख करून देताना पाहुण्यांना आवर्जून सांगायचे की ही ऊसतोड कामगाराची मुलगी. ऐकून पाहुणे माझ्याकडे असे बघायचे की मला पदर सारखा करावा वाटायचा, आणि मी तर ड्रेस घालते.

त्या वर्षी पाहुणे जानेवारीत येणार असं ठरलं. मी सरांना म्हटलं, सर, जानेवारीत गावात असतंय कोण? अर्धं गाव ऊस तोडायला फडावर, राहिलेली म्हातारी माणसं आणि लेकरं. ग्रामसभा कुणाची दाखवणार? सर म्हणाले, पाहुण्यांना आपल्याकडची थंडीच तेवढी सोसते, उन्हाळ्यात आणून मारायचंय का त्यांना. मग लिंबागणेशच्या पुढचं एक डोंगराकडेचं गाव त्यांनी निवडलं, कारण तिथला सरपंच त्यांच्या ओळखीचा होता. सरपंच म्हणजे खरं तर सरपंचबाईंचा नवरा. बाई निवडून आलेल्या, कारभार ह्याचा, आणि अख्खा तालुका ह्यालाच सरपंच म्हणायचा.

पाहुणे तीन आले. दोन पुरुष आणि एक मास्तरीण. त्यांना घेऊन फाउंडेशनच्या एक अधिकारी बाई आल्या, उंच, हसऱ्या, गळ्यात आपल्याकडचीच हातमागाची ओढणी. पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला बजावलं की पाहुण्यांचे फोटो काढायचे नाहीत, नावं घ्यायची नाहीत आणि ते कोणत्या देशातून आलेत ते बाहेर सांगायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी सगळ्यात जास्त डोलावली.

मास्तरीण माझ्याच वयाची. एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळं आमचं दोघींचं मोडकंतोडकं जमून गेलं. तिनं शाळेतून कंबरेच्या इलाजासाठी रजा घेतली होती. भारतात आयुर्वेदाचा उपचार घेतेय, असं तिच्या सासूलाही माहीत होतं. खरं फक्त नवऱ्याला ठाऊक. ती म्हणाली, मी इथं कशासाठी आले हे तिकडं कुणाला कळलं तर नोकरी जाईल ते सोड, मला उचलून नेतील. हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी विचारलं, मग कावून आलीस बाई? तिच्या गावात पाण्याची टाकी बांधली होती, ती शाळेपासून आणि वस्तीपासून लांब, कुठल्याशा अधिकाऱ्याच्या मळ्याशेजारी. गावकऱ्यांनी चार लोक जमवून विचारायचं म्हटलं तरी जमायला परवानगी लागते. तिला बघायचं होतं की चार लोक जमून विचारतात म्हणजे नेमकं काय करतात. क्रांती-बिंती तिच्या डोक्यातही नव्हती.

त्या संध्याकाळी सरांच्या घरी जेवण होतं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, ठेचा. पाहुणे नको नको म्हणत होते आणि सरांची बायको वाढत होती. आमच्याकडं पाहुण्याच्या 'नको'ला कुणी विचारत नाही. नको म्हणणं हे त्याचं काम आणि वाढणं हे आपलं. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या फटीतून वाढतात. अधिकारी बाईंना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, किती प्रेमळ लोक आहात तुम्ही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुरुषांची पोटं अशी बिघडली की ते लॉजवरून हलू शकले नाहीत. आज वाटतं, त्या रश्श्यानं त्यांना वाचवलं.

गावाला आम्ही चौघंच गेलो: सर, अधिकारी बाई, मास्तरीण आणि मी. वेशीजवळ गाडी वळली आणि कमान दिसली.

कमानीवर भलामोठा फ्लेक्स. आपल्याकडं तो लागतोच, वाढदिवस असो, नाहीतर कुणाची म्हैस जिंकलेली असो. वरच्या रांगेत साहेबांची डोकी, मोठ्यापासून तालुक्यापर्यंत. खाली सरपंचबाई, अंगठ्याएवढ्या, आणि त्यांचे यजमान गॉगल लावून कमरेपर्यंत. आणि त्यांच्या शेजारी, तेवढाच मोठा, छातीवर बिल्ले लावून हसणारा एक माणूस, ज्याला मी फक्त बातम्यांत बघितलं होतं. मास्तरणीच्या देशाचा मालक. खाली देशाचं नाव ठळक अक्षरांत आणि 'हार्दिक हार्दिक स्वागत'. सरांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं.

सरपंच हार घेऊन पुढं आला. फार खुशीत होता. "म्याडम, कसा वाटला बोर्ड? रात्रीतून छापून आनला. पाहुन्याच्या घरच्या कारभाऱ्याला मान द्यावा लागतोय ना. इंटरनेटवरनं काढला फोटो, लई रुबाबदार गडी हाय."

मास्तरणीनं माझं मनगट धरलं. ती ज्या तोंडापासून पंधरवडाभर लांब आली होती, ते तोंड बालाघाटाच्या डोंगरात कमानीवर चढून तिच्याकडं बघून हसत होतं. अधिकारी बाईंचाही चेहरा उतरला. सर मधे पडले. ते सरपंचाला म्हणाले, काढा, काढा तो, आत्ताच्या आत्ता.

आता मास्तरणीचं खरं भय काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिला तो फोटो लावल्याचं तेवढं भय नव्हतं. तिकडं तो भिंतीभिंतीवर असतो. तिला भय होतं ते कुणी त्याला हात लावण्याचं. तिच्या शाळेतल्या शिपायानं कॅलेंडर टांगताना चुकून खिळा त्या फोटोच्या कपाळात ठोकला, तर तो बिचारा कितीतरी दिवस कुठं होता ते त्याच्या बायकोलाही कळलं नव्हतं. म्हणून ती मला म्हणाली, असू दे तो फोटो. त्याला काही करू नका. आपण दुसऱ्या वाटेनं आत जाऊ.

मी हे शब्दाला शब्द सांगितलं. पण सरपंचाची अडचण वेगळीच होती. "आख्खा बोर्ड कसा काढता सर? वर साहेब लोकांचे फोटो हाईत. उद्या कुनी उतरवतानाचा फोटो धाडला तर आमचं तिकीट कटंल." साहेबांना धक्का लागता कामा नये आणि परदेशी गडी तर दिसता कामा नये. त्यानं जरा विचार केला आणि एका माणसाला हाक मारली. तो माणूस ऊसतोडीचा कोयता घेऊन शिडीवर चढला.

मास्तरीण पुढं धावली. हात वर करून ती ओरडत होती, नको, नको, प्लीज, नको. मी तिच्या मागं. मी म्हटलं, अहो थांबा, ती नको म्हणतेय, खरंच नको म्हणतेय ती. सरपंच हसला. "म्याडम, पाहुने नकोच म्हनत असतेत. त्यांना संकोच वाटतोय. आपल्याला कळायला नको का?" आणि वर बघून म्हणाला, "काप बे, नीट गोल काप." कोयत्यानं टर्रकन ते तोंड निघालं. बिल्ले तसेच राहिले, हात तसेच राहिले, मानेच्या वर भोक, आणि त्यातून पलीकडची लिंबाची फांदी दिसत होती. खाली जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण सरपंचानं वाजवल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती ह्याची नाही. सरपंचाला काय कळत होतं, त्याला पाहुणा सांभाळायचा होता. तिडीक गेली ती अधिकारी बाईंकडं बघून. त्यांचा उतरलेला चेहरा पुन्हा फुलला होता. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, किती ताकदीचा क्षण आहे हा, सामान्य माणसांनी उत्स्फूर्तपणे केलेला. मी म्हटलं, मॅडम, ती घाबरलीय. त्या म्हणाल्या, स्वातंत्र्याची पहिली भावना अशीच असते. अशा बाईला काय बोलावं. तो राग आजही गेलेला नाही.

ह्या सगळ्याचं एक माणूस मोबाईलवर शूटिंग करत होता. तालुक्यात न्यूज पोर्टल चालवायचा. मी त्याला थांबवायला गेले तर सरपंच म्हणाला, तो आपलाच हाय, कार्यक्रम झाल्यावर दाखवून घेतो तुमाला, तुमी म्हनाल तेवढंच ठेवू. सर म्हणाले, आता तमाशा करू नका, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

मग ग्रामसभा झाली. देवळापुढं मांडव, सतरंज्या, माणसं बऱ्यापैकी भरलेली. मला आश्चर्य वाटलं, इतकी माणसं आली कुठून? माझ्या शेजारी पागोटेवाला एक मेंढपाळ बसला होता. त्याला हळूच विचारलं, मामा, तुमी ह्याच गावचे का? तो म्हणाला, "न्हाई ताई, आमी फिरस्ते, सरपंचाच्या रानात मेंढ्या बसवल्यात. हात वर करायला या म्हनले म्हनून आलतो." निम्मा मांडव असाच होता. मेंढपाळ, शाळेचे मास्तर, अंगणवाडीच्या बाया आणि फडावर न गेलेली म्हातारी माणसं. एका बाईला पढवून ठेवलेला प्रश्न तिनं विचारला, सरपंचानं पढवून ठेवलेलं उत्तर दिलं, ठराव झाला, हात वर झाले. अधिकारी बाई डोळे भरून बघत होत्या.

शेवटी मास्तरणीला फेटा बांधून माइकपुढं उभं केलं. ती नको म्हणाली, त्याचं काय झालं ते सांगायला नको. ती एवढंच बोलली: आमच्या गावात पाण्याची टाकी कुठं बांधायची हे आम्हाला कुणी विचारलं नाही, इथं विचारतात असं मला सांगण्यात आलं, तुमच्या जेवणाबद्दल आणि मायेबद्दल आभारी आहे. मी मराठीत सांगायला तोंड उघडायच्या आधीच टाळ्या पडल्या.

परतीच्या वाटेवर अधिकारी बाई पुढं बसून झोपल्या. मास्तरीण माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आमच्याकडेही टाळ्या अशाच वाजतात. एक जण आधी वाजवतो, मग सगळे." तिनं विचारलं, "तुमची सरपंच ती चहा देत होती तीच ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग ह्यांनी मला एवढ्या लांब कशाला आणलं?" उतरताना तिनं माझा नंबर घेतला. कंबर जपून राहा, असं मी म्हटलं, तेव्हा ती हसली.

ती विमानात बसायच्या आतच व्हिडिओ आला होता, पण माझ्या नजरेस पडेपर्यंत ती निघून गेली होती. पोर्टलवाल्यानं कुणाला काही दाखवलं नाही की विचारलं नाही. मूळ आवाज काढून टाकून वर ढोलताशा टाकलेला. शिडी, कोयता, निघालेलं तोंड, आणि खाली हात वर करून ओरडणारी मास्तरीण. आवाज नसला की ती 'काप, काप' म्हणतेय असंच दिसायचं. खाली देशाचं नाव आणि मथळा: हुकूमशहाचं तोंड कापलं, बीडच्या मातीतून परदेशी रणरागिणीचा एल्गार. कपाळ माझं. आपल्याकडं नालीच्या निवेदनालाही एल्गार म्हणतात, त्याला वाटलं आपण तिचा मोठेपणाच केला. सरपंचानं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि मला फोन करून विचारलं, पाहुन्यांनी बघितला का, खुश झाल्या आसतील.

तिला तिच्या शाळेतून उचललं. वर्गातून. हे मला पुढं तिच्या नवऱ्याच्या मेसेजवरून कळलं. तो मेसेज भलत्याच कुणाच्या नंबरवरून आला होता. त्यानं लिहिलं होतं की तो व्हिडिओ तिकडं पोचलाय आणि तिच्यावर फोटोची विटंबना करवून घेतल्याचा खटला आहे. ती सांगतेय की मी नको म्हणत होते. वकील म्हणतोय की मूळ व्हिडिओ मिळाला, तिच्या आवाजासकट, तर न्यायाधीशापुढं मांडता येईल, त्या गुन्ह्यात माणूस सुटल्याची उदाहरणं आहेत. त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडं मिळेल का?

मिळेल का म्हणजे काय, मी त्याच दुपारी पोर्टलवाल्याला गाठलं. तो चहाच्या टपरीवर बसला होता. म्हणाला, "म्याडम, तुमीच तर सांगितलं ना डिलीट करायला." मी म्हटलं, मी कधी सांगितलं? तो म्हणाला, "तुमचे सर सरपंचाला बोलले, सरपंच मला बोलले. पोर्टलवरनं काढला, मोबाईलमधनं काढला, सरपंचानं तर समोर बसून कार्डच मोडायला लावलं. आता माझ्याकडं एक फोटो बी न्हाई, आईच्यान."

मी सरांकडं गेले. सरांनी मला फाउंडेशनचा मेल दाखवला. अधिकारी बाईंनी लिहिलं होतं की सहभागी व्यक्तींच्या सुरक्षिततेसाठी त्या भेटीचं सगळं चित्रण ताबडतोब आणि कायमचं नष्ट करावं. आमच्या संस्थेत एखादी सूचना आली त्याच दिवशी पाळली गेल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. सर म्हणाले, आपली परदेशी निधीची परवानगी जाईल हो, तुम्हाला काय वाटतं, मला वाईट वाटत नाही का? वाटत असेल. मी त्यांच्या वाईट वाटण्याचं काय लोणचं घालू.

मग मी अधिकारी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. कळवळून सांगितलं की बाई, तुम्ही तरी बोला, तुमच्या सरकारला बोलायला लावा, ती तुमच्या बोलावण्यावरून आली होती. त्यांचे डोळे खरंच ओले झाले. त्या म्हणाल्या की आम्हाला अतिशय दुःख आहे, पण आत्ता संबंध नाजूक वळणावर आहेत, जाहीर बोलल्यानं तिलाच त्रास होईल. नाजूक वळण काय ते मी पुढं पेपरात वाचलं. त्यांच्या सरकारनं त्याच माणसाकडून गॅस घ्यायचा करार केला होता. आतल्या पानावर फोटो होता, त्यांचा मंत्री आणि तो हात मिळवताना, आणि ह्या वेळी त्याचं तोंड शाबूत होतं.

आता उरले कोण? तिच्याशेजारी उभी राहून तिचं 'नको' ऐकलेली आणि इंग्रजी समजणारी माणसं तीन. सर बोलणार नव्हते, अधिकारी बाई बोलणार नव्हत्या. मी नवऱ्याला लिहिलं की व्हिडिओ गेला, पण मी आहे. मी लिहून देते. त्यानं वकिलाला विचारलं, वकील म्हणाला चालेल, शपथेवर असेल तर काही तरी वजन पडेल. सरांनी बजावलं की असलं काही केलंत तर इथं काम करता येणार नाही. मी त्यांच्या टेबलावर ऑफिसची किल्ली ठेवली आणि जिना उतरले. ह्यात शौर्य वगैरे काही नाही. मला तिथं बसून 'बळकटीकरण' हा शब्द पुन्हा टाइप करायचा नव्हता.

बीडच्या कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणाऱ्या एका नोटरीकडं गेले. त्यानं चष्मा वर करून विचारलं, हा देश कुठं आला? मी मोबाईलवर नकाशा दाखवला. त्याला खरंच उत्सुकता होती, चांगला माणूस होता. मी लिहिलं: बोर्ड सरपंचानं लावला. तोंड कापायला सरपंचानं सांगितलं. ती बाई नको म्हणत होती, मी स्वतः ऐकलं आणि स्वतः भाषांतर केलं. कुणी ऐकलं नाही. तिनं भाषणात कुणाचंही नाव घेतलं नाही. खाली सही, अंगठा, शिक्का. नोटरी म्हणाला, ताई, एवढं खरं लिहिलेला कागद माझ्या टेबलावर क्वचित येतो. मला रडू आलं, पण आवरलं, कारण मागं माणसं उभी होती.

कागद गेला. मग पुष्कळ दिवस काहीच नाही. मी गेवराईला एका खाजगी शाळेत लागले होते, तिथं तिच्या शाळेतल्यासारख्याच पोरांना इंग्रजी शिकवत होते. मोबाईल वाजला की जीव टांगणीला. वाटायचं, सुटली असेल, सुटली असेल.

एका दुपारी डबा खाताना मेसेज आला. तिच्या नवऱ्यानं सविस्तर लिहिलं होतं. वकिलानं माझा कागद वाचून दाखवला. न्यायाधीशानं शांतपणे ऐकून घेतला. मग सरकारी वकील उठला. त्याच्या हातात फाउंडेशनची त्या वर्षीची गुळगुळीत पुस्तिका होती, जी ते त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्या जगासाठी ठेवतात. पाहुण्यांचे चेहरे त्यात नव्हते, तेवढी काळजी त्यांनी घेतली होती. पण माझा होता, अधिकारी बाईंनी काढलेला, तेवढा त्यांनी नष्ट केला नव्हता. पानभर. मी त्या मांडवात माइक धरून उभी, आणि खाली लिहिलेलं की ही ऊसतोड कामगाराची मुलगी, आमच्या कार्याचा कणा. सरकारी वकिलानं विचारलं, ह्या साक्षीदार बाईंना पगार कोण देत होतं? पुस्तिकेतच लिहिलेलं होतं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

तोवर तिच्यावर एका फोटोचा गुन्हा होता. माझ्या कागदानंतर परकीय सरकारच्या पगारी माणसांशी संधान बांधल्याचा लागला. ती त्यांना भेटल्याचं मी शपथेवर लिहूनच दिलं होतं. पहिल्या गुन्ह्याला लोक घरी परत येतात. दुसऱ्याला येत नाहीत.

त्यानं मला दोष दिला नव्हता. उलट आभार मानले होते. तुम्ही नोकरी सोडलीत हे कळलं, ती तुमची आठवण काढते, असंही होतं. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत: आमची एक विनंती आहे, तुम्ही सगळ्यांनी आता कृपा करून आम्हाला मदत करू नका.

मी डबा तसाच बंद केला. तासाची घंटा झाली होती. वर्गात गेले, पोरं उभी राहिली, एका सुरात 'गुड आफ्टरनून म्याडम' म्हणाली. मी त्यांना बसा म्हणाले आणि फळ्याकडं तोंड करून तारीख लिहायला घेतली.